आधी यजमान, मग पाहुणे: सोलापुरातील एका शाळेच्या जर्मन विद्यार्थी-देवाणघेवाणीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेचे आहे. शाळा, जर्मनीतील भागीदार शाळा, विद्यार्थी आणि पालक यांची ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. शाळेने नेमलेल्या पाच जणांच्या समितीत माझा समावेश होता, त्यामुळे पुढील मतांना आतल्या माणसाच्या मतांची मर्यादा आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

पार्श्वभूमी

पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. चादरी आणि टेरी टॉवेल यांचे यंत्रमाग, विडी वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या कमाईवर शिकणारी मुले हे इथल्या शाळांचे रोजचे वास्तव आहे. या शाळेतील बहुतेक मुले घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी शिकतात, गल्लीत हिंदी बोलतात आणि अक्कलकोटच्या बाजूचे नातेवाईक किंवा शेजारी असतील तर कन्नडही सहज समजून घेतात. चौथी-पाचवी भाषा कानावर पडली म्हणून गांगरून जाण्याचा त्यांचा स्वभाव नाही. एखाद्या वर्गात हे भांडवल असते, पण ते कुठल्याही गुणपत्रिकेवर दिसत नाही.

जून 2022 मध्ये शाळेतील एका शिक्षिकेने मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस जर्मनचा वर्ग सुरू केला. अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून जर्मन घेता येते आणि त्यात गुण चांगले मिळतात, एवढेच सुरुवातीचे आकर्षण होते. पुढच्या वर्षी आठवीची नवी मुले आली आणि वर्गात 31 जण झाले. पुस्तकातील धडे पुढे सरकत होते, परंतु जर्मन बोलणारा माणूस मुलांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेला नव्हता.

समस्या

जुलै 2023 मध्ये परदेश सहली नेणाऱ्या एका कंपनीने शाळेपुढे प्रस्ताव ठेवला. पुढील वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनीत दोन आठवड्यांचे भाषा शिबिर, सकाळी वर्ग, दुपारी स्थलदर्शन, राहणे वसतिगृहात, आणि प्रत्येकी 2 लाख 90 हजार रुपये खर्च, असे त्याचे स्वरूप होते. ठरावीक संख्येने विद्यार्थी मिळाल्यास सोबतच्या शिक्षिकेचा प्रवास मोफत होणार होता. पालकांची सभा कंपनीनेच घेतली. 50 हजार रुपयांची आगाऊ रक्कम भरायची होती आणि व्हिसा नाकारला गेला तरी ती परत मिळणार नव्हती.

सभेनंतरच्या आठवड्यात आठ पालकांनी होकार कळवला. त्यांच्यापैकी एका वडिलांचे चार यंत्रमाग होते आणि त्यातले दोन विकायचे त्यांनी ठरवले होते. हे कानावर आल्यावर मुख्याध्यापिकांनी प्रस्ताव थांबवला आणि समिती नेमली. समितीपुढचा प्रश्न वरकरणी खर्चाचा होता. परंतु पहिल्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी स्पष्ट झाल्या आणि माझ्या मते त्या खर्चापेक्षा अधिक मूलभूत होत्या.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. जुलै-ऑगस्टमध्ये जर्मनीत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, तर आपल्याकडे पहिले सत्र ऐन भरात असते. म्हणजे मुलांनी आपली शाळा बुडवून अशा वेळी जायचे, की तेव्हा तिथल्या बहुतेक शाळा बंद असतील. दुसरी गोष्ट सहवासाची. शिबिरात निरनिराळ्या देशांची मुले असतात, पण आठ-दहा सोलापूरकर मुले एका खोलीत राहिली, एका टेबलावर जेवली, की ती आपापसांत तेलुगू-मराठीच बोलणार. जर्मन ही सकाळच्या तासापुरतीच उरणार. तेवढी तर ती सोलापुरातही होतीच.

विचारात घेतलेले पर्याय

कंपनीचा प्रस्ताव समितीने लगेच फेटाळला नाही, आणि ते योग्यच होते. अल्पवयीन मुलांचे व्हिसा, विमा, विमानाची तिकिटे आणि आजारपण यांची जबाबदारी अनुभवी संस्थेवर टाकता येणे ही लहान गोष्ट नाही. शाळेत परदेश प्रवास केलेली व्यक्ती एकच होती. तरीही खर्चाचा तक्ता ओळीने वाचल्यावर शंका वाढल्या. त्यात प्रत्येक विद्यार्थ्यामागे व्हिसा शुल्क धरलेले होते, जे त्या वेळी 80 युरो होते. प्रत्यक्षात शेंगेन व्हिसा (जर्मनीसह अनेक युरोपीय देशांचा सामाईक अल्पमुदतीचा व्हिसा) संहितेनुसार शिक्षणाच्या कारणासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना हे शुल्क माफ असते, फक्त अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क भरावे लागते. कंपनीला विचारल्यावर तो आकडा काढून टाकण्यात आला. मात्र न विचारता तो निघाला नसता. मोफत शिक्षक-प्रवासाबाबत समितीने एकमताने ठरवले, की सहल निवडणाऱ्या व्यक्तीलाच त्या सहलीतून फायदा होणार असेल, तर त्या निवडीवर पालकांनी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही.

दुसरा पर्याय परदेश प्रवासच न करण्याचा होता. ऑनलाइन संवाद, पुण्यात आठवडाभराचे निवासी शिबिर आणि मॅक्समुल्लर भवन या जर्मन सांस्कृतिक संस्थेची मुलांसाठीची ‘फिट इन डॉइच 1’ ही परीक्षा, असा तो आराखडा होता. खर्च अत्यल्प होता आणि सर्व 31 मुलांना सामावून घेता येत होते. समितीतील एक ज्येष्ठ शिक्षक शेवटपर्यंत याच मताचे राहिले. त्यांचे म्हणणे होते, “आपल्या ऐपतीतलं करा, पण सगळ्यांसाठी करा.” हा आक्षेप पुढे प्रत्येक निर्णयाच्या वेळी उपयोगी पडला, कारण समितीतील इतरांना त्याला उत्तर द्यावे लागत होते.

तिसरा पर्याय शाळा-ते-शाळा देवाणघेवाणीचा होता. त्यात एका शाळेची मुले दुसऱ्या शाळेच्या मुलांच्या घरी राहतात आणि काही महिन्यांनी तोच पाहुणचार परत केला जातो. राहण्या-जेवणाचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो, मुले तिथल्या वर्गात बसतात आणि घरात भाषा बोलल्यावाचून गत्यंतर नसते. अडचण एकच होती आणि ती मोठी होती. देवाणघेवाण म्हणजे आपल्या घरांची दारेही उघडणे. दहा बाय बाराच्या खोल्यांमध्ये, जिथे पुढच्या खोलीत मागांचा खडखडाट चालतो आणि नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे परदेशी मूल कसे ठेवायचे, हा प्रश्न पालकांच्या आधी शिक्षकांनाच पडला.

निर्णय

सप्टेंबर 2023 मध्ये समितीने तिसरा पर्याय स्वीकारला आणि त्याला एक अट जोडली: आधी जर्मन मुलांनी सोलापुरात यायचे आणि त्यानंतर आपली मुले तिकडे जातील. समितीत या अटीवर सर्वांत जास्त वेळ चर्चा झाली. पाहुणे आधी आले तर परदेश प्रवासासाठी निवड न होणाऱ्या मुलांनाही जर्मन बोलणाऱ्या समवयस्कांसोबत राहायला मिळणार होते. घरी कोण येऊन गेले हे पालकांना माहीत असल्यामुळे मुलीला त्याच घरी पाठवताना भीती कमी होणार होती. शिवाय पैशांची जुळवाजुळव करायला वर्ष मिळणार होते. विरोधातला मुद्दा असा होता, की पाहुणचार फसला तर पुढचा प्रवासही बारगळेल. समितीने ही जोखीम पत्करली.

भागीदार शोधायला जानेवारी 2024 उजाडले. जर्मनच्या शिक्षिकेने अनेक शाळांना पत्रे लिहिली. बहुतेकांकडून उत्तर आले नाही आणि काहींनी आभार मानून नकार दिला. होकार आला तो बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातील श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागातील एका लहान शहरातून. हा पट्टा एके काळी विणकामाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होता आणि त्यातील बहुतेक कारखाने आता बंद आहेत. आमच्या शिक्षिकेने पत्रात जुनी मिल, नरसिंगगिरजी मिल आणि लक्ष्मी-विष्णू मिल या सोलापूरच्या कापड गिरण्यांबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते, आणि तेच वाचून तिथल्या इतिहासाच्या शिक्षकांनी पत्र उचलून धरले. आजी-आजोबांनी गिरणीत काय काम केले हे दोन्हीकडच्या मुलांनी विचारून लिहायचे, हा समान विषय तिथेच ठरला. पर्यटनाबद्दल पत्र लिहिले असते तर उत्तर आले असते असे मला वाटत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला आणि त्याच्या बातम्या सर्वत्र आल्या. राज्य तेच असल्यामुळे या कार्यक्रमातून पुढे नोकरी मिळेल, असा समज पालकांमध्ये झपाट्याने पसरला. शाळेने तातडीने सभा घेऊन सांगितले, की तीन आठवड्यांच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणालाही काम करता येत नाही, आणि तिथे परिचारिकेसारख्या कामासाठी साधारणपणे बी-2 पातळीची जर्मन लागते, तर आपली मुले ए-1 या सुरुवातीच्या पातळीवर आहेत. सभेनंतर तीन पालकांनी नावे मागे घेतली. ती घेतली जाणे कार्यक्रमाच्या हिताचे होते.

अंमलबजावणी: सोलापुरातील पाहुणचार

जर्मनीतून नऊ विद्यार्थी आणि दोन शिक्षक ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस, दिवाळीच्या तोंडावर, दोन आठवड्यांसाठी आले. तिथली शरद ऋतूची सुट्टी याच सुमारास असते आणि उरलेल्या दिवसांची परवानगी त्यांच्या शाळेने दिली.

घरांची निवड हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग होता. ‘स्वतंत्र खोली हवी’ अशी अट घातली असती, तर कंपनीच्या सहलीला परवडणारीच आठ घरे उरली असती आणि वर्षभराचा विचार वाया गेला असता. घरोघर भेटी देताना एका आईने जर्मनच्या शिक्षिकेला विचारले, “बाई, घर बघून ती पोरगी परत गेली तर आमच्या लेकीनं वर्गात तोंड कसं दाखवायचं?” या प्रश्नातून ‘जोडघर’ ही व्यवस्था निघाली. प्रत्येक पाहुण्याला दोन कुटुंबे द्यायची. एका घरी रात्रीचा मुक्काम आणि नाश्ता, दुसऱ्या घरी दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे जेवण. मुक्कामाच्या घरासाठी स्वतंत्र अंथरूण, आतून कडी लागणारी झोपायची जागा, घरातले शौचालय आणि शुद्ध केलेले पिण्याचे पाणी एवढ्याच अटी ठेवल्या. दिवसाच्या घरासाठी जागेची कोणतीही अट नव्हती. विड्यांची तंबाखू घरात साठवली जाते अशी घरे मुक्कामासाठी घेतली नाहीत, मात्र दिवसाचे घर म्हणून त्यांना मनाई केली नाही. अशा रीतीने नऊ पाहुण्यांना अठरा कुटुंबे मिळाली आणि त्यांतील किमान दहा घरे अशी होती, जी एरवी कुठल्याही परदेशी कार्यक्रमात आली नसती.

अटींचा कागद मात्र उशिरा निघाला. तोपर्यंत एका वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढून कमोड बसवला होता आणि भिंतींना रंग दिला होता. अटींमध्ये यातले काहीही नव्हते. तोंडी सांगितलेल्या ‘साधी व्यवस्था चालेल’ या वाक्याचा अर्थ प्रत्येक घर आपापल्या लाजेप्रमाणे लावते, हे तेव्हा समितीच्या ध्यानात आले.

परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाला 24 तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते. त्या वेळी ही नोंद ‘फॉर्म सी’ या नावाने होती. हॉटेलांना हे सवयीचे असते, घरांना नसते. शाळेने सर्व नोंदी संगणक कक्षात बसून एकाच संध्याकाळी भरून घेतल्या आणि पोलीस आयुक्तालयाला आधीच लेखी कल्पना दिली होती.

पाहुणचारातले एक दृश्य नोंदवण्याजोगे आहे, कारण भाषा कुठे शिकली जाते ते त्यात दिसते. एका दिवसाच्या घरी पहाटे नळाला पाणी आले. विद्यार्थिनीने पाहुणीला मुक्कामाच्या घरून बोलावून आणले आणि दोघींनी मिळून पिंप, हंडे, कळशा आणि शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवली. त्या तासाभरात ‘भर’, ‘थांब’, ‘सांडतंय’, ‘इकडे नको’ हे सगळे जर्मनमध्ये म्हणावे लागले. आज्ञार्थाचा धडा वर्गात दोनदा होऊनही तो या मुलीला आला नव्हता, आणि त्या दिवसानंतर ती त्यात चुकली नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि रुग्णांमध्ये काम करता करताच चिनी शिकले. पाहुण्यांना त्यांच्या स्मारकात नेले तेव्हा आमच्या मुलांनी ती हकिकत स्वतःहून जर्मनमध्ये सांगण्याचा प्रयत्न केला. वाक्ये तुटक होती, पण जर्मन शिक्षकांनी मध्येच दुरुस्त्या केल्या नाहीत, ही त्यांची समज वाखाणण्याजोगी होती.

अंमलबजावणी: निवड आणि कागदपत्रे

जर्मन शाळेने नऊऐवजी बारा मुलांना घरे देण्याची तयारी दाखवली. इच्छुक मात्र अठरा होते. शाळेतील गुणांवर निवड करायची नाही, हे आधीच ठरले होते. वर्गातील उपस्थिती आणि पाहुणचारातील सहभाग या दोन निकषांवर सर्व अठरा पात्र ठरले. मुक्कामाच्या घरांनी जास्त भार उचलला म्हणून त्यांना प्राधान्य द्यावे, असा आग्रह काही पालकांनी धरला. तो मान्य केला असता तर मोठे घर असणे हाच पुन्हा निकष झाला असता. म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये पालकांसमोर चिठ्ठ्या काढल्या आणि उरलेल्या सहा जणांची क्रमवार प्रतीक्षा यादी केली. हा मार्ग न्याय्य होता असे मला आजही वाटते, परंतु पाहुणीला चौदा रात्री आपल्या घरी ठेवून ज्या मुलाची चिठ्ठी निघाली नाही, त्याच्या आईला तो न्याय वाटला नाही, आणि तिची समजूत आम्हाला घालता आली नाही.

खर्च प्रत्येकी सुमारे सव्वा लाख रुपये आला आणि त्याचा मोठा भाग विमान तिकिटांचा होता. माजी विद्यार्थी आणि सुताचे काही व्यापारी यांनी मिळून साठ टक्के रक्कम उभी केली. उरलेली रक्कम पालकांच्या उत्पन्नानुसार तीन टप्प्यांत घेतली गेली आणि कोणी किती दिले हे फक्त मुख्याध्यापिकांना माहीत होते.

जाण्याचा काळ मे 2025 ठरला, कारण आपल्याकडे सुट्टी आणि तिकडे शाळा सुरू, हा मेळ मे महिन्यातच बसतो. दहावीची परीक्षा दिलेली मुले मुद्दाम घेतली नव्हती. निकाल आणि अकरावीचे ऑनलाइन प्रवेश अर्ज त्याच सुमारास येतात, आणि 2025 मध्ये तर ती केंद्रीभूत प्रक्रिया प्रथमच राज्यभर लागू झाली. नववी संपवून दहावीत जाणारी मुले नेल्यामुळे दहावीच्या सुट्टीतील जादा तासांचा प्रश्न आला, तो शाळेने तास एप्रिलमध्ये घेऊन सोडवला.

खरी कोंडी कागदपत्रांत झाली. तीन मुलांच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा होता. जन्माची नोंद झालेली, पण नाव नंतर कोणी घातलेच नव्हते. नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येते आणि ही मुले 2010 मध्ये जन्मलेली होती. म्हणजे दोघांच्या बाबतीत अवघे काही महिने हाती होते. ती कामे झाली.

चौथे प्रकरण सुटले नाही. एका मुलीचे वडील बऱ्याच वर्षांपूर्वी घर सोडून गेले होते. घटस्फोट झालेला नव्हता आणि मुलीचा ताबा आईकडे असल्याचा न्यायालयाचा आदेशही नव्हता. आई विड्या वळून घर चालवत होती. पासपोर्टसाठी एका पालकाच्या प्रतिज्ञापत्राची सोय आहे, त्यामुळे तो निघाला आणि सगळे निश्चिंत झाले. मार्चमध्ये सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन सर्वांचे व्हिसा अर्ज आणि बोटांचे ठसे दिले. तेव्हा अल्पवयीन अर्जदारासाठी दोन्ही पालकांची संमती किंवा ताब्याचा आदेश लागेल, असे या मुलीच्या बाबतीत सांगण्यात आले. आईचे प्रतिज्ञापत्र पुरेसे ठरले नाही. आदेश एवढ्या कमी दिवसांत मिळणे शक्य नव्हते आणि एप्रिलच्या अखेरीस अर्ज मागे घ्यावा लागला. प्रतीक्षा यादीतील पुढच्या मुलाचा व्हिसा उरलेल्या दिवसांत होईल याची खात्री नसल्याने ती जागा रिकामीच राहिली आणि बाराऐवजी अकरा मुले गेली.

निघण्याच्या आठवड्यात, 7 ते 10 मे या काळात, भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला आणि देशाच्या उत्तर व पश्चिम भागातील अनेक विमानतळ बंद झाले. मुंबई विमानतळ सुरू होता, तरी पालक घाबरले. प्रवास रद्द करण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा अधिकार मुख्याध्यापिका आणि दोन पालक प्रतिनिधी यांच्याकडे असेल, हे जानेवारीतच लिहून ठेवलेले होते. त्यामुळे अठ्ठेचाळीस तासांत निर्णय झाला: तारीख चार दिवस पुढे नेण्यात आली आणि फरकाची रक्कम निधीतून भरली गेली.

परिणाम

जर्मनीतील तीन आठवड्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ते आखल्याप्रमाणे पार पडले. मुले रोज शाळेत गेली आणि आल्बश्टाट येथील विणकाम यंत्रांचे संग्रहालय त्यांनी आपल्या भागीदारांसोबत पाहिले. तिथे एका यंत्रमागवाल्याच्या मुलाने थांबलेल्या यंत्राकडे पाहून कोणता भाग आधी झिजत असेल ते बोट दाखवून सांगितले, तेव्हा माहिती देणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि पुढचा अर्धा तास ते त्याच्याशीच बोलत राहिले. यजमान घरांतले वडीलधारे श्वेबिश बोली बोलत होते, जी पुस्तकातल्या जर्मनपेक्षा पुष्कळ वेगळी आहे. बोलीचा बाऊ आमच्या मुलांनी केला नाही. न समजलेले पुन्हा विचारायचे, ही सवय त्यांना सोलापूरनेच लावलेली होती.

परतल्यावर वर्गातील चौदा मुलांनी ‘फिट इन डॉइच 1’ दिली आणि सर्व उत्तीर्ण झाली. त्यांतील पाच मुले जर्मनीला गेलेली नव्हती, पण त्यांच्या घरी पाहुणे राहिले होते. बोलण्याच्या भागात या पाचांचे गुण गेलेल्या मुलांपेक्षा कमी नव्हते. एवढ्या लहान गटावरून सिद्धांत मांडता येत नाही. तरीही ‘आधी पाहुणे बोलवा’ या अटीमागे जे गृहीतक होते, त्याला यामुळे बळ मिळते. प्रवासाला विरोध करणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांनी हा निकाल पाहून विचारले, की मग पुढच्या वेळी नुसता पाहुणचारच का करू नये? समितीने त्यावर अजून उत्तर दिलेले नाही. माझे उत्तर असे आहे, की एकतर्फी पाहुणचार फार काळ टिकत नाही, कारण जर्मन पालकांनाही आपल्या घरी कोणीतरी यावे असे वाटते. परंतु किती मुले जावीत यापेक्षा किती घरे उघडावीत याला जास्त महत्त्व द्यावे, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

जी मुलगी जाऊ शकली नाही, तिने जूनमध्ये जर्मनचा वर्ग सोडला. तिच्याकडे आलेली पाहुणी तिला अजून लिहिते आणि ती उत्तरही देते, असे तिच्या आईने सांगितले. ती आता दहावीत आहे आणि पुढच्या गटात तिला घेता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

कागदपत्रांची तपासणी चिठ्ठ्यांनंतर ठेवली गेली, यामागचा हेतू चांगला होता. निवड न होणाऱ्या गरीब पालकांना उगाच कचेऱ्यांच्या चकरा नकोत, असे समितीला वाटत होते. पण या चकरांना महिने लागतात आणि त्या सर्वांत जास्त त्याच कुटुंबांना पडतात ज्यांच्याकडे कागद कमी असतात. जुलै 2024 मध्येच सर्व अठरा मुलांचे जन्मदाखले आणि पालकत्वाची स्थिती पाहिली असती, तर या आईला ताब्याच्या आदेशासाठी अर्ज करायला आठ-नऊ महिने मिळाले असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार महिलांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळते आणि ती सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येते, हे समितीला एप्रिलमध्ये कळले. तोवर उपयोग राहिला नव्हता.

इथे एक पेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कागद आधी तपासले, तर ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांना चिठ्ठीतूनच वगळावे, असा मोह कोणत्याही शाळेला होईल. म्हणून तपासणी लवकर करायची, पण तिच्यावरून कोणालाही यादीतून काढायचे नाही, असे दोन्ही एकत्र लिहून ठेवणे आवश्यक आहे. जोडीला प्रतीक्षा यादीतील पहिल्या तिघांचे व्हिसा अर्जही मूळ गटाबरोबरच भरावेत. व्हिसा शुल्क माफ असल्याने त्याचा खर्च सेवाशुल्क, विमा आणि पुण्याचा प्रवास एवढाच येतो. रिकामी गेलेली जागा त्यापेक्षा कितीतरी महाग पडली.

यजमान घरांसाठीच्या अटी पहिल्या सभेतच छापील देता आल्या असत्या. कर्ज काढणाऱ्या वडिलांना निधीतून मदत देऊ केली, ती त्यांनी नाकारली.

सध्या शाळेने पुढील फेरीसाठी आठवीच्या नव्या वर्गातील प्रत्येक मुलाचा जन्मदाखला प्रवेशाच्या वेळीच पाहायला सुरुवात केली आहे. पहिल्याच पाहणीत सहा दाखल्यांवर नावाचा रकाना कोरा आढळला असून दोन मुलांच्या आयांना विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात सोबत नेण्याचे काम समितीतील दोघींनी घेतले आहे. जर्मन शाळेकडून पुढील भेटीसाठी दहा मुलांची यादी आली आहे आणि त्यांच्यासाठी वीस घरे शोधायची आहेत.